अंगावरचे वण, मनावरचे वण: ख्रिस्ती दृष्टीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये दरवर्षी थोमाच्या प्रसंगाचा शुभवर्तमानातला उतारा वाचला जातो आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे वणांविषयीची पत्रे सर्वाधिक येतात. लिहिणारे सगळे ख्रिस्ती असतात असे नाही. काही गोव्यातल्या डिचोली-पेडण्याकडचे हिंदू वाचक असतात, काही लग्नानंतर ख्रिस्ती घरात आलेल्या स्त्रिया असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे कॅथलिक परंपरेत राहून दिली आहेत.

१. जखम आणि वण यांत ख्रिस्ती विचार काही फरक करतो का?

बायबलमध्ये यासाठी वेगळा सिद्धांत नाही, परंतु हा फरक न केल्यामुळे पुढचे बरेच गोंधळ होतात. जखम उघडी असते, तिला शुश्रूषा लागते. वण म्हणजे शरीराने भरून काढलेली जागा. तेथे कोलॅजनचे तंतू दाटीने बसतात, त्यांची वीण मूळ त्वचेसारखी नसते, लालसरपणा जायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि पूर्ण भरल्यावरही त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. पत्रांत ज्याला 'जुना वण' म्हटलेले असते ती पुष्कळदा उघडीच जखम असते, हे चौथ्या-पाचव्या ओळीत लक्षात येते. अशा वेळी अर्थ शोधण्याची घाई करू नये. लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि दोन नाणी देऊन त्याच्या देखभालीची सोय केली (लूक १०:३४-३५). 'यातून तू काय शिकलास' असे त्याने विचारल्याची नोंद नाही.

२. पुनरुत्थित येशूच्या अंगावर जखमांच्या खुणा का राहिल्या? देवाला त्या पुसता आल्या नसत्या का?

आल्या असत्या, आणि म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या शरीराने मृत्यू ओलांडला, जे बंद दारांतून आत आले, त्याच शरीरावर खिळ्यांच्या आणि भाल्याच्या खुणा तशाच होत्या. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना 'तुम्हांला शांती असो' असे म्हणतो आणि लगेच हात व कूस दाखवतो (योहान २०:१९-२०). लूकच्या वृत्तांतात तो हात आणि पाय दाखवतो (लूक २४:३९-४०). ज्यांच्यासमोर तो उभा होता त्यांतले बहुतेक जण त्याच्या अटकेच्या रात्री पळून गेलेले होते. त्यांना त्या खुणा आरोपासारख्या वाटू शकल्या असत्या, परंतु त्या शांतीच्या शब्दाबरोबर दाखवल्या गेल्या.

थोमा हा शिष्य त्या वेळी तेथे नव्हता आणि 'खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही' असे तो म्हणाला होता. आठ दिवसांनी तो आला. चित्रांमध्ये तो कुशीत बोट घालताना दिसतो, परंतु मजकूर नीट वाचला तर त्याने स्पर्श केल्याचे कोठेही लिहिलेले नाही. येशूने त्याला हात पुढे करायला सांगितले आणि थोमाच्या तोंडून 'माझा प्रभू व माझा देव!' एवढेच शब्द निघाले. प्रकटीकरणाच्या पुस्तकात स्वर्गातले कोकरूही 'वधलेले' असेच दिसते (प्रकटीकरण ५:६). ईस्टरच्या आदल्या रात्री मोठ्या मेणबत्तीत धूपाचे पाच दाणे खोचतात, ते याच पाच जखमांचे. आनंदाच्या रात्रीची पहिली ज्योत ज्या मेणबत्तीवर पेटते, तिच्यावरच त्या खुणा असतात.

यातून आम्ही एकच गोष्ट ठामपणे सांगू: वण असणे आणि बरे झालेले असणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. याहून मोठा निष्कर्ष काढताना तिसरा प्रश्न आधी वाचावा.

३. म्हणजे माझी जखम देवानेच काही हेतूने दिली, असे समजायचे का?

नाही. येशूच्या जखमा पूज्य झाल्या म्हणून खिळे ठोकणे पुण्यकर्म ठरले नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी 'पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे' असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्याला दृष्टी दिली (योहान ९:१-७). ज्याला भावांनी विहिरीत टाकले आणि जो पुढे गुलाम म्हणून विकला गेला, तो योसेफ त्यांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजले, देवाने त्यातून चांगले योजले (उत्पत्ती ५०:२०). या वाक्यात भावांचे कृत्य वाईटच राहते, ते पुसले जात नाही. शिवाय हे वाक्य योसेफाचे स्वतःचे आहे. विहिरीच्या काठावर उभे राहून भावांनी त्याला हेच ऐकवले असते, तर ती क्रूरता ठरली असती. मयताच्या घरी 'देवाची मर्जी' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु आमच्या मते ते वाक्य म्हणण्याचा अधिकार त्या घरच्यांचाच आहे, भेटायला आलेल्यांचा नाही.

४. माहेरी म्हणतात 'मागच्या जन्मीचे भोग', सासरी म्हणतात 'आपला खुरीस (क्रूस) आपण उचलायचा'. नवरा मारतो. दोन्हीकडून सहन करण्याचाच उपदेश आहे. खरे काय?

मागच्या जन्माच्या मुद्द्यावर ख्रिस्ती धर्माचे उत्तर तिसऱ्या प्रश्नात आले आहे. खुरीस उचलण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या एका वचनाचा (लूक ९:२३) जेवढा गैरवापर घराघरांत झाला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही वचनाचा झालेला आमच्या पाहण्यात नाही.

शुभवर्तमानांत येशू मार चुकवतानाही दिसतो. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटण्यासाठी नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०). मंदिरात लोकांनी दगड उचलले, तेव्हा तो लपून बाहेर पडला (योहान ८:५९). प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). प्रेषित पौल दमास्कसच्या तटावरून पाटीत बसून उतरला आणि निसटला (प्रेषितांची कृत्ये ९:२५). पुढे यरुशलेमेत त्याला फटक्यांसाठी बांधले, तेव्हा त्याने रोमन नागरिकत्वाचा हक्क सांगून ते फटके टाळले (२२:२५). हाच पौल इतरत्र लिहितो की त्याला पाच वेळा एकोणचाळीस फटके बसले आणि तीन वेळा छड्यांचा मार बसला. म्हणजे सोसणे त्याला ठाऊक होते, आणि कोठे सोसायचे नाही हेही ठाऊक होते.

येशूने खुरीस स्वीकारला तो स्वतःच्या निर्णयाने. दुसऱ्याने लादलेल्या मारहाणीला त्याचे नाव देणे म्हणजे शिपायाचा पक्ष घेणे होय. आपण आधी सुरक्षित जागी जावे. तातडीची गरज असल्यास ११२, आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५, यानुसार घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश आणि पोटगी मागता येते. लग्नाच्या पावित्र्याविषयी सांगणाऱ्यांना हेही सांगावे की सोबत राहणे धोक्याचे असेल तर वेगळे राहण्याची मुभा कॅथलिक चर्चचा कायदाच देतो.

५. चेहऱ्यावरचा वण शस्त्रक्रियेने काढला किंवा मेकअपने झाकला, तर तो श्रद्धेचा अभाव ठरतो का? माझ्या आईला तसे वाटते.

आईंना येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट सांगावी. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड जुळले ते वाकडे, गुडघ्याखाली उंचवटा राहिला, आणि तंग बूट घालता यावेत म्हणून त्या तरुण सरदाराने, भूल देण्याची सोय नसलेल्या काळात, ते हाड करवतीने कापून घेतले. तो निव्वळ डौल होता, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. तरीही ते जन्मभर लंगडतच राहिले, आणि त्याच अंथरुणावर त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पॅरिसमध्ये त्यांच्या खोलीत राहणारा फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. ज्या करवतीमागे डौल होता, तिच्यापासूनही देवाने तोंड फिरवले नाही, एवढे यातून नक्की निघते.

झाकण्याविषयी जुन्या गोव्यातलेच उदाहरण आहे. बॉम जेझस बासिलिकेचा तांबडा, उघडा जांभा दगड पाहून तेच तिचे मूळ रूप असे पर्यटकांना वाटते. वस्तुतः त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. तेव्हापासून आपला पाऊस तो दगड खात आहे. गिलावा म्हणजे ढोंग नव्हते, संरक्षण होते. भाजल्यामुळे मान किंवा बोटे आखडली असतील, तर ती शस्त्रक्रिया केवळ सौंदर्याची नसतेच. कीलॉइड, म्हणजे मूळ जखमेच्या कडा ओलांडून वाढणारा वण, असेल तर मात्र नुसता कापून काढल्यास तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

६. आम्ही नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली, फेस्ताला (चर्चच्या सणाला) मेणाचा पाय वाहिला, तरी पाय पूर्वीसारखा झाला नाही. आमची श्रद्धा कमी पडली का?

पौलाची श्रद्धा कमी होती असे कोणी म्हणत नाही. 'शरीरातला काटा' दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळाले ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' असे (२ करिंथ १२:७-९). तो काटा कोणता हे त्याने सांगितलेले नाही, आणि ते बरेच झाले, कारण त्यामुळे प्रत्येकाला आपले दुखणे त्या जागी ठेवता येते. बायबलमधल्या याकोबाने रात्रभर देवाशी झुंज दिली, आशीर्वाद मिळवला, नवे नावही मिळवले, आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता (उत्पत्ती ३२:२४-३१). मेणाचा पाय वाहणे म्हणजे आपले दुखणे देवासमोर नेऊन ठेवणे. तो व्यवहार समजून हिशेब मांडला, तर ख्रिस्ती आणि हिंदू दोघांच्याही पदरी सारखीच निराशा येते. फिजिओथेरपी बंद करू नये.

७. शब्दांचे घाव दिसत नाहीत. त्यांना खरोखर जखम म्हणायचे का?

म्हणायचे. येशूचा शिष्य पेत्र याचे उदाहरण घेऊ. येशूला पकडले त्या रात्री अंगणात कोळशाचा विस्तव पेटवलेला होता आणि त्याच्याजवळ शेकत उभे असताना पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' असे तीनदा म्हटले. त्याच्या अंगावर कोणीही हात टाकला नव्हता. घाव त्याच्याच शब्दांचा होता आणि तो त्याला स्वतःलाच लागला होता. पुढे गालीलच्या किनाऱ्यावर येशू त्याला भेटतो तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी भाजत असते (योहान १८:१८ आणि २१:९). मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाचा हा शब्द संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. किनाऱ्यावर मासळी भाजण्याचा वास ज्याला परिचित आहे, त्या गोंयकाराला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही: वास माणसाला एका क्षणात मागे नेतो. त्या वासातच येशू पेत्राला तीनदा विचारतो, 'तू माझ्यावर प्रीती करतोस का?' तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला, असे योहानाने नमूद केले आहे. म्हणजे उपचार दुखलाच. परंतु तो पोटभर न्याहारी झाल्यावर झाला, हेही त्याच अध्यायात आहे.

८. क्षमा केली म्हणजे विसरले पाहिजे का?

'क्षमा करा आणि विसरून जा' अशी आज्ञा शुभवर्तमानांत नाही. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क सोडणे. पुन्हा विश्वास टाकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती समोरच्याच्या बदललेल्या वागण्यावर अवलंबून असते. योसेफाने भावांना धान्य दिले, पण आपली ओळख देण्यापूर्वी ते बदलले आहेत की नाहीत हे दीर्घकाळ पारखले. भावांपैकी यहूदा धाकट्या भावाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कोठे योसेफ भावांसमोर रडला आणि त्याने ओळख दिली (उत्पत्ती ४२ ते ४५). 'अजून मनातून क्षमा होत नाही' असे देवाला सांगणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मारहाण चालूच असेल तर हा प्रश्न लागू होत नाही (प्रश्न ४ पाहावा).

९. दुखावणारी व्यक्ती धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक असेल तर?

तर ती जखम दुहेरी असते, कारण सांत्वन जेथून यायचे ती जागाच दूषित झालेली असते. पीडित व्यक्ती बालक असेल आणि अत्याचार लैंगिक असेल तर पोक्सो कायदा, २०१२, यानुसार माहिती असणाऱ्या कोणावरही पोलिसांना कळवण्याची जबाबदारी असते. १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनी अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे नोंदवणे बंधनकारक आहे, आणि त्यामुळे देशाचा कायदा बाजूला पडत नाही. 'चर्चची बदनामी होईल' हे कारण सांगणाऱ्यांसाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरेसे आहे: येशूने आपल्या देहावरच्या जखमा झाकल्या नाहीत. अशा व्यक्तीला मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणे काही काळ शक्य झाले नाही, तर तिला दोष देऊ नये.

१०. मुलीच्या हातावर तिने स्वतःच करून घेतलेले वण दिसले. हे पाप आहे का? तिला कुमसाराला (धर्मगुरूंपुढे पापकबुलीला) न्यावे का?

आधी डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञ उपलब्ध आहेत. गंभीर मानसिक त्रास किंवा तीव्र भीती असेल तर माणसाची नैतिक जबाबदारी कमी होते, हे चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातच सांगितले आहे. कबरींमध्ये राहून स्वतःला दगडांनी जखमी करणारा माणूस मार्कच्या पाचव्या अध्यायात भेटतो. गावाने त्याच्यावर साखळ्यांचा उपाय केला होता. येशूने त्याला 'तुझे नाव काय' असे विचारले. पुढे तो कपडे घालून, शुद्धीवर बसलेला दिसतो. मुलीला लांब बाह्या घालायच्या असतील तर घालू द्याव्यात. वण कोणाला दाखवायचे हे तिने ठरवावे, नातेवाइकांत त्याची चर्चा होऊ नये.

११. संतांच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटतात, तशा आपल्यालाही मिळाव्यात म्हणून प्रार्थना करावी का?

करू नये. १२२४ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसना तसा अनुभव आल्याचे चर्च मानते, परंतु अशा दाव्यांकडे ते अतिशय सावधपणे पाहते. पौल 'येशूच्या खुणा मी अंगावर धारण करतो' असे लिहितो (गलती ६:१७), तेव्हा तो खऱ्याखुऱ्या माराच्या वणांविषयी बोलत असावा, आणि ते त्याने मागून घेतलेले नव्हते.

१२. गोव्यात धर्माच्या नावाने ज्या जखमा झाल्या, त्यांचे काय? त्याविषयी ख्रिस्ती माणूस काही बोलू शकतो का?

हा प्रश्न फोंड्याच्या बाजूने हमखास येतो, आणि तेथूनच यावा हे योग्य आहे. पोर्तुगीज राजवटीत कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते नदीपलीकडे न्यावी लागली, त्या स्थलांतराच्या खुणा प्रियोळ आणि कवळे येथे आजही नांदत्या आहेत. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे धर्मन्यायालय, मधला अल्प खंड सोडता, १८१२ पर्यंत चालले आणि त्याचा जाच बाटलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही झाला. पोर्तुगीज राजचिन्हातल्या पाच ढाली ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या मानल्या जातात. त्या जखमांचे चिन्ह मिरवत दुसऱ्यांना जखमा केल्या गेल्या, ही गोष्ट आम्हांला सर्वांत अधिक बोचते. त्याच काळात, १६१६ मध्ये, राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले. आम्ही त्याचा अभिमान बाळगतो, पण त्याने हिशेब चुकता होतो असे मानत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या अन्यायांबद्दल सर्वसाधारण शब्दांत देवाकडे क्षमा मागितली. ख्रिस्ती माणसाने या विषयावर बोलावे ते कबुलीच्या भाषेत. ज्यांची दैवते हलवावी लागली त्यांना 'यातूनही चांगलेच झाले' असे सांगणे हे तिसऱ्या प्रश्नातल्या भावांनी विहिरीच्या काठावरून बोलण्यासारखे आहे.

१३. प्रत्येक वणाला अर्थ असलाच पाहिजे का?

मुळीच नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर विळीचा वण आहे आणि त्याचा अर्थ एवढाच की नारळ खवताना माझे लक्ष दुसरीकडे होते. दंडावरचा बीसीजीचा वण लस टोचल्याची खूण आहे, तेवढीच. अर्थ सापडला नाही म्हणून आध्यात्मिक परीक्षेत नापास झाल्यासारखे वाटून घेऊ नये.

१४. दुसऱ्याच्या अंगावर वण दिसला तर काय बोलावे?

त्याने विषय काढेपर्यंत काही बोलू नये. बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ १६९७ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली तेव्हा, लोक रुग्णांना टाकून जात असताना, त्यांची शुश्रूषा करत राहिले. देवीचे वण असलेल्या माणसाला त्या काळी प्रवचनाहून पाण्याच्या भांड्याची गरज अधिक होती.

१५. माझे मूल भाजून गेले. स्वर्गात ते त्या वणांसहच असेल का? मी त्याला कसे ओळखीन?

संत ऑगस्टीन यांना असे वाटत होते की हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा पुनरुत्थित देहावर राहतील आणि त्या व्यंगासारख्या नव्हे, तेजासारख्या दिसतील. मात्र ते हुतात्म्यांविषयीचे त्यांचे मत होते. चर्च शरीराच्या पुनरुत्थानाची शिकवण देते, परंतु कोणते वण राहतील आणि कोणते जातील याचा नियम घालून देत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियर यांच्या ज्या देहाच्या दर्शनासाठी लोक रांगेत उभे राहिले, त्याचाही उजव्या हाताचा भाग १६१४ पासून रोममध्ये आहे.

ओळखण्याविषयी मात्र योहानाच्या त्याच विसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. थोमाला खुणा पाहायच्या होत्या. मग्दालिया मरीयेने त्या मागितल्या नाहीत. ती कबरीपाशी रडत होती आणि समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटला. त्याने तिला 'मरीये' अशी हाक मारली, आणि त्या आवाजावरून तिने त्याला ओळखले.